एका म्यानांत दोन तलवारी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. राजघराण्यांच्या इतिहासांत तिचा प्रत्यय पदोपदीं येतो. संगणकाच्या इतिहासांत मात्र ही म्हण गेल्या चार दशकांपासून खोटी ठरत आली आहे. एकाच यंत्रांत दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, सुखानें नांदूं शकतात. यंत्र सुरू करतांना मालकानें जिला हांक मारावी तिनें कारभार पाहावा व इतरांनीं तोंपर्यंत स्वस्थ पडून राहावें, असा तेथील शिरस्ता आहे.

परंतु हें नांदणें आपोआप घडत नाहीं. नवी प्रणाली यंत्रावर चढविण्यापूर्वीं दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळवावीं लागतात. या यंत्राच्या अवयवांशीं तिचें जमेल काय, हा पहिला. आणि तेथें आधींपासून राहणाऱ्या प्रणालीशीं तिचें पटेल काय, हा दुसरा. वरवर पाहतां हे प्रश्न निव्वळ कारागिरीचे वाटतात. त्यांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे मात्र त्यांच्यामागें उभा असलेला तिसरा प्रश्न दिसूं लागतो: हीं उत्तरें देण्याचा अधिकार कोणाचा? यंत्राच्या मालकाचा, यंत्र घडविणाराचा, कीं प्रणाली विकणाराचा?

हा विषय आज काढण्यास कारणहि तसेंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. आदल्या दिवशीं चालत असलेलीं यंत्रें दुसऱ्या दिवशींहि तशींच चालत होतीं. पण त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतीं. मुलांच्या अभ्यासासाठीं व घरच्या हिशेबासाठीं काटकसरीनें घेतलेलें यंत्र भंगारांत घालावें, कीं त्यावर दुसरी एखादी प्रणाली चढवून त्याचें आयुष्य वाढवावें, हा प्रश्न त्यामुळें कित्येक घरांत येऊन बसला आहे. त्याचें उत्तर शोधणारानें मागचा इतिहास थोडासा ध्यानांत घेतलेला बरा.

१

संगणकाच्या आरंभकाळीं प्रत्येक जातीच्या यंत्राची भाषा निराळी असे. एका यंत्रासाठीं लिहिलेलें काम दुसऱ्यावर चालत नसे, आणि मोठें यंत्र घेतलें कीं सारा लेखनप्रपंच पुन्हां मांडावा लागे. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय.बी.एम. कंपनीनें ‘सिस्टिम/३६०’ हें यंत्रकुल जाहीर केलें व ही अडचण दूर करण्याचें वचन दिलें. लहान यंत्रापासून थोर यंत्रापर्यंत सर्वांना एकच आज्ञावली समजेल, हा त्या कुलाचा कुळाचार होता.

वचन आज्ञांपुरतें पाळलें गेलें. परंतु या कुलासाठीं योजलेली ‘ओएस/३६०’ ही कार्यप्रणाली घडतां घडतां इतकी अवजड झाली कीं, तुटपुंज्या स्मृतीच्या लहान यंत्रांत ती मावेना. त्यांच्यासाठीं ‘डॉस/३६०’ नांवाची हलकी प्रणाली निराळी करावी लागली. त्या कामाचे एक प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं आपल्या अनुभवांवर जें पुस्तक लिहिलें, तें या व्यवसायांत आजहि आदरानें वाचलें जातें. पूर्वतपासणीचा पहिला धडा येथेंच मिळाला होता: भाषा समजणें निराळें आणि घरांत मावणें निराळें. आज आपण स्मृति किती, डिस्क केवढी, असे जे प्रश्न विचारतों त्यांचें मूळ येथें आहे.

१९७२ सालीं याच कंपनीच्या ‘व्हीएम/३७०’ प्रणालीनें एका यंत्राचीं अनेक भासमान यंत्रें करून त्यांवर निरनिराळ्या प्रणाली एकाच वेळीं चालविण्याची सोय व्यापारी ग्राहकांसहि करून दिली. परंतु हीं सर्व यंत्रें बड्या संस्थांचीं. त्यांच्या दिमतीला कंपनीचे इंजिनियर असत. काय जमेल व काय जमणार नाहीं, हें तेच सांगत. घरगुती माणसाचा या प्रश्नाशीं संबंध आला तो पुढें, व्यक्तिगत संगणक आल्यावर.

२

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम. नें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. आज आश्चर्य वाटेल, पण त्याबरोबर एक सोडून तीन कार्यप्रणाली ग्राहकांपुढें ठेवण्यांत आल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांतून निघालेली पी-सिस्टिम. पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर व सीपी/एम-८६ ची २४०; निकाल कोणत्या बाजूनें लागला हें सांगावयास नको. या तिघींत भांडण होण्याचें मात्र कारण नव्हतें. प्रत्येकीची फ्लॉपी निराळी. जी फ्लॉपी खांचेंत घालावी तिचें राज्य, आणि ती काढली कीं राज्य संपलें.

भांडणाला आरंभ झाला तो घरांत स्थावर इस्टेट आली तेव्हां. मार्च १९८३ मध्यें १० मेगाबाइटची डिस्क असलेलें ‘पीसी-एक्सटी’ आलें. एका डिस्कवर एकाहून अधिक प्रणालींस राहतां यावें म्हणून तिचे चार विभाग पाडण्याची सोय पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीनें केली. डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत ही सारी व्यवस्था बसविलेली असे. त्यांपैकीं ६४ बाइट म्हणजे वांटणीपत्र: कोणता विभाग कोठून कोठपर्यंत, एवढेंच त्यांत नमूद. शेवटचे २ बाइट म्हणजे शिक्का. उरलेल्या ४४६ बाइटांत एक चिमुकला द्वारपाल. यंत्रांतील ‘बायोस’ ही कायमची आज्ञावली प्रथम या द्वारपालास उठवी, आणि तो ठरलेल्या प्रणालीस पाचारण करी.

पुढील तीस वर्षांच्या साऱ्या कटकटी या लहानशा जागेंत सांठविलेल्या आहेत. वांटणीपत्र बिघडलें तर डिस्कवरील मजकूर जागच्या जागीं असूनहि बेवारस होई. जमीन आहे पण सात-बारा हरवला, अशी त्याची गत. आणि द्वारपालाची जागा एकच. नवी प्रणाली आली कीं ती आपला माणूस तेथें बसवी; तो जुन्या मालकिणीस ओळखत असला तर ठीक, नसला तर तिच्या घराचें दारच बंद. विंडोज आधीं चढवावी व लिनक्स मागून, असा जो उपदेश पुढें रूढ झाला त्याचें कारण हेंच. लिनक्सचा द्वारपाल दोघींनाहि ओळखी, विंडोजचा मात्र लिनक्सची दखल घेत नसे.

यंत्रांच्या मेळाचा प्रश्नहि याच सुमारास रस्त्यावर आला. आय.बी.एम. च्या यंत्रासारखींच पण स्वस्त यंत्रें करण्याची अहमहमिका लागली. कॉम्पॅक कंपनीनें मूळ बायोसची नक्कल न करतां, केवळ तिच्या वर्तनावरून नवी बायोस लिहवून घेतली व १९८३ च्या आरंभीं आपलें यंत्र बाजारांत आणलें. पण ‘तंतोतंत तसेंच’ हा विक्रेत्याचा शब्द पारखावा कसा? लोकांनीं दोन कसोट्या काढल्या. एक, लोटस १-२-३ हा हिशेबाचा कार्यक्रम. दुसरी, मायक्रोसॉफ्टचा विमान उडविण्याचा खेळ. हे दोन्ही कार्यक्रम कार्यप्रणालीस न विचारतां थेट यंत्राच्या अवयवांना हात घालीत. त्यामुळें यंत्रांत कोठें तफावत असली तर तेथें ती उघडी पडे. खेळण्यानें सराफाच्या कसोटीचें काम केलें. यांतली ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, परीक्षा ग्राहकाच्या हातीं होती आणि ती दुकानांतच घेतां येई.

३

मालकानें स्वतः पारखून दोन प्रणाली नांदविण्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे खुद्द लिनक्सचा जन्म. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ च्या आरंभीं एक ३८६ जातीचें यंत्र घेतलें व त्यावर मिनिक्स ही शिक्षणासाठीं केलेली प्रणाली चढविली. तिच्याच अंगणांत त्यानें आपली नवी प्रणाली वाढविली. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें तिची वार्ता देतांनाच आपल्याजवळ असलेल्या जातीच्या डिस्कखेरीज इतर डिस्क ती बहुधा कधीं ओळखणार नाहीं, असें त्यानें प्रांजळपणें सांगून टाकलें होतें. पुढें एकदां दूरध्वनीच्या मोडेमकडे पाठवावयाची आज्ञा त्याच्या हातून चुकून डिस्ककडे गेली आणि मिनिक्सचा विभाग नष्ट झाला. तो परत बसविण्याऐवजीं त्यानें आपल्याच प्रणालीवर भिस्त ठेवली. ही हकीकत त्यानें आत्मचरित्रांत स्वतःच सांगितली आहे. सारांश, ज्या प्रणालीवर आज जगांतील बहुतेक महासंगणक चालतात, ती प्रथम एका म्यानांतली दुसरी तलवारच होती.

याच दशकांत तपासणीच्या याद्या प्रचारांत आल्या. १९९३ सालीं निघालेल्या विंडोज एनटीबरोबर मायक्रोसॉफ्टनें कोणतीं यंत्रें व कोणते सुटे भाग तिला चालतात याची यादी प्रसिद्ध केली. लिनक्सकडे असा धनी नव्हता. तेथें वापरणारांनींच आपापले अनुभव गोळा करून याद्या रचल्या. या याद्या रुक्ष खऱ्या, पण त्यांची प्रत्येक ओळ कोणाच्या तरी फुकट गेलेल्या रात्रीचें फळ होती. जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचें दिसत नसे. म्हणून मोठ्या डिस्कच्या शेवटीं बसविलेली प्रणाली कितीहि निर्दोष असली तरी जागी होत नसे. कांहीं स्वस्त मोडेमांचें अर्धें काम विंडोजमधील आज्ञावली करी. बाहेरून तें मोडेम, पण विंडोज काढली तर नुसता ठोकळा. हे दोष पेटीवरील जाहिरातींत कोठून लिहिलेले असणार?

यादीपेक्षांहि मोठा उपाय १९९२ पासून हळूहळू पुढें आला आणि २००० सालीं क्लाऊस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’नें तो लोकप्रिय केला. सबंध प्रणाली एका सीडीवरून, डिस्कला स्पर्शहि न करतां चालवावयाची. पडदा दिसतो काय, आवाज येतो काय, जाळ्याशीं जोडणी होते काय, हें प्रत्यक्ष पाहून घ्यावें आणि सीडी काढून यंत्र पूर्ववत् करावें. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमापेक्षां ही पद्धति किती तरी प्रामाणिक! ऐकीव माहितीची जागा येथें अनुभवानें घेतली. १९८१ सालची फ्लॉपी जणूं नव्या रूपानें परत आली.

४

हा मालकाच्या अधिकाराचा उत्कर्षकाळ. पण त्याच वेळीं दुसरीकडे निराळी हवा वाहूं लागली होती. जाँ-लुई गासे यांच्या ‘बी’ कंपनीनें बीओएस नांवाची चपळ प्रणाली तयार केली होती व विंडोजच्या शेजारीं दुसरी प्रणाली म्हणून ती राहावी, एवढीच त्यांची मागणी होती. हिटाची कंपनीनें कांहीं यंत्रांवर ती चढविलीहि. परंतु यंत्र सुरू होतांना दोहोंपैकीं एकीची निवड करण्याची पाटी मात्र ग्राहकास दिसत नव्हती. घरांत पाहुणी आहे, पण तिच्या खोलीचें दार कोणाला ठाऊक नाहीं, असा हा प्रकार. यंत्र घडविणाऱ्यांशीं मायक्रोसॉफ्टनें केलेल्या करारांमुळें त्यांना ही पाटी दाखवितां येत नाहीं, असा आरोप करून बी कंपनीनें २००२ सालीं दावा लावला. २००३ सालीं मायक्रोसॉफ्टनें कोणताहि दोष मान्य न करतां २३२.५ लाख डॉलर देऊन तो मिटविला. तोंवर बी कंपनी मोडली होती. येथें यंत्राची ना नव्हती, मालकाची तर त्याहून नव्हती. त्या ४४६ बाइटांच्या देवडीवर कोणी बसावें, हें करारानें ठरत होतें असा वादीचा दावा होता.

याद्यांची जागाहि चिकटपट्ट्यांनीं घेतली. विंडोज व्हिस्टा येण्यापूर्वीं, २००६ सालीं, ‘व्हिस्टासाठीं समर्थ’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या नव्या यंत्रांवर लागल्या. त्यांतील पुष्कळ यंत्रांवर व्हिस्टाची अगदीं साधी आवृत्तीच तेवढी नीट चाले. ज्या पारदर्शक सजावटीची जाहिरात होत होती ती त्यांना झेपत नव्हती. २००७ सालीं अमेरिकेंत त्यावर ग्राहकांचा दावा झाला. २००९ सालीं न्यायालयानें त्याची सामुदायिक दावा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली, तरी ‘समर्थ’ या शब्दाचा अर्थ विक्रेता व ग्राहक निरनिराळा करतात, एवढें जगास कळलें.

मध्यंतरीं यंत्राची मूळ रचनाच बदलली. जुन्या वांटणीपत्रांत सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडची डिस्क मोजतां येत नसे. इंटेलनें आरंभिलेल्या व २००५ पासून अनेक कंपन्यांच्या संघानें चालविलेल्या ‘यूईएफआय’ या फर्मवेअरनें बायोसची जागा घेतली. तिच्याबरोबर आलेल्या ‘जीपीटी’ या नव्या वांटणीपत्रांत सामान्यतः १२८ विभागांची सोय असून त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं जपून ठेवलेली असते. शिवाय द्वारपालांसाठीं एक स्वतंत्र दालन असून तेथें प्रत्येक प्रणालीस आपापला कोनाडा मिळतो. एकीनें दुसरीच्या माणसास उठविण्याचें कारणच उरलें नाहीं. तीस वर्षांचें भांडण कागदावर तरी मिटलें.

आणि इतिहासाचा विरोधाभास असा कीं, जागेचा प्रश्न सुटला त्याच सुमारास परवान्याचा प्रश्न उभा राहिला. कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वींच तिच्या जागीं शिरून बसणाऱ्या दुष्ट आज्ञावलींचें भय खरें होतें. त्यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर बूट’ ही योजना निघाली: ज्या द्वारपालाजवळ मान्य सहीशिक्का असेल त्यालाच फर्मवेअरनें आंत सोडावें. २०१२ सालीं विंडोज ८ चें प्रमाणपत्र हवें असलेल्या यंत्रांवर ती चालू ठेवणें बंधनकारक झालें, आणि ज्या शिक्क्यांना मान्यता होती ते मुख्यत्वें मायक्रोसॉफ्टचे होते. नेहमीच्या यंत्रांवर मालकास ही योजना बंद करण्याची मुभा राहिली. एआरएम जातीच्या यंत्रांवर तीहि नव्हती. आणि २०१५ सालीं विंडोज १० च्या वेळीं ही मुभा ठेवावी कीं न ठेवावी, हें यंत्रकारांच्या मर्जीवर सोंपविण्यांत आलें. लिनक्सकडील मॅथ्यू गॅरेट यांनीं मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला ‘शिम’ नांवाचा एक लहान मध्यस्थ तयार केला, व त्याच्या हातास धरून लिनक्स आंत येऊं लागली. उपाय चांगला, पण पाहुण्याची ओळखचिठ्ठी प्रतिस्पर्ध्याच्या दप्तरांतून आणावी लागते, हें त्यांत उघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें त्याचा प्रत्यय आला. सदोष जुन्या द्वारपालांस मज्जाव करणारी एक सुधारणा मायक्रोसॉफ्टनें पाठविली. दोन प्रणालींच्या यंत्रांस ती लागू होणार नाहीं, असें जाहीर केलें होतें. पण तशीं कांहीं यंत्रें ओळखलीं गेलीं नाहींत, आणि त्यांवरील लिनक्स एके सकाळीं जागी होईना.

विंडोज ११ नें तर पूर्वतपासणी स्वतःकडेच घेतली. जून २०२१ मध्यें मायक्रोसॉफ्टनें यंत्र पात्र आहे कीं नाहीं हें सांगणारा एक तपासनीस कार्यक्रम दिला. तो नकार देई, पण नकाराचें कारण स्पष्ट सांगत नसे. ओरड झाली, कार्यक्रम कांहीं दिवसांतच मागें घेतला गेला, आणि कारणें सांगावयास शिकून पुन्हां आला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर, या अटींपाशीं बरींच यंत्रें अडत होतीं. ब्रुक्स यांच्या काळीं यंत्र नाकारलें गेलें तें प्रणाली मावत नव्हती म्हणून. आतां मावत असूनहि, आणि चालविल्यास चालत असूनहि, नाकारलें जाऊं शकतें.

५

यांत सुरक्षेची बाजू खोटी आहे, असें म्हणण्याचा हेतु नाहीं. ज्याच्या घरांत पैशाचे व्यवहार यंत्रावरून होतात त्यानें देवडीवर पहारा नको म्हणणें शहाणपणाचें नव्हे. पण पहारेकऱ्याची नेमणूक कोणी केली व त्याला कोणत्या किल्ल्या दिल्या, हें घरमालकास ठाऊक असलें पाहिजे. नवी प्रणाली चढविण्यापूर्वींची तपासणी म्हणजे हें ठाऊक करून घेण्याची क्रिया होय.

ती आज अशी असते. प्रथम आपल्या सर्व लेखांची व छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. वांटणीपत्रांत हात घालण्याआधीं हें केलें नाहीं तर पुढील सर्व सावधगिरी व्यर्थ. यंत्र यूईएफआयचें आहे कीं बायोसचें, सिक्युअर बूट बंद करतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. विंडोजनें डिस्क कुलूपबंद केली असेल तर तिची किल्ली आधीं लिहून ठेवावी. फर्मवेअरमधील योजना बदलली कीं विंडोज ती मागते. विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावा, कारण त्यांत ती पूर्ण झोपत नाहीं, आणि अर्धवट जागीच्या घरांत दुसरीनें सामान हलविलें तर मोडतोड होते. मग पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून पाहावी: वायफाय, आवाज, छपाईयंत्र, सारें एकेक. घड्याळहि पाहावें. विंडोज यंत्राच्या घड्याळांत स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक. त्यामुळें आपल्या देशांत लिनक्सनंतर विंडोज उघडली तर ती साडेपांच तास मागें पडलेली आढळते. दोष यंत्राचा नसून दोघींच्या पंचांगांचा असतो.

मराठी घरांत आणखी एक तपासणी हवी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आपले कित्येक लेख, पत्रें, वंशावळी विशिष्ट फॉन्टांत टंकित झाल्या. पुण्याच्या सी-डॅकनें प्रसृत केलेलें ‘जिस्ट कार्ड’ हें तर यंत्रांत बसवावयाचें हार्डवेअर होतें. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत असे ती त्याच्या जोरावर. विंडोज २००० पासून मराठी युनिकोडमध्यें लिहितां येऊं लागलें, पण जुने मजकूर आपोआप बदलले नाहींत. तो फॉन्ट नसलेल्या नव्या प्रणालींत ते उघडले तर अक्षरांचा निरर्थक गलबला दिसतो. यंत्राचा मेळ जमला आणि आजोबांचें टिपण वाचतां येईना, तर त्या मेळाचा उपयोग काय?

म्यानांत दोन तलवारी राहूं शकतात, हें १९८३ सालींच सिद्ध झालें आहे. राहू देण्याचा निर्णय कोणी घ्यावा, एवढाच वाद शिल्लक आहे. चिठ्ठी, यादी, तपासनीस कार्यक्रम हे सर्व सल्लागार आहेत. त्यांचें ऐकावें, पण निवाडा त्यांच्यावर सोडूं नये. ज्या यंत्राचे पैसे आपण मोजले त्याचें फर्मवेअर उघडून पाहणें, त्यांतील किल्ल्या कोणाच्या आहेत हें वाचणें आणि नकार मिळाल्यास त्याचें कारण विचारणें, हें मालकीचेंच अंग आहे. जो हें करीत नाहीं त्याच्या घरांत यंत्र असतें. मालकी दुसऱ्याची असते.